एका मोटारीच्या सुधारणेचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा आम्ही संपाविषयी, बोनसविषयी किंवा कंत्राटी कामगारांविषयी बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती स्वाभाविक होती. गेली तीस वर्षे आमचे तेच काम आहे. परंतु आम्ही विषय कळवला तो एका परदेशी मोटारीचा, त्यातही शर्यतीच्या मोटारीचा. तेव्हा एका कार्यवाहांनी फोन करून विचारले, "भाऊ, विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नव्हती.

झाले होते असे. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका द्वारसभेनंतर एक तरुण फिटर आमच्याजवळ आला. त्याने मोबाईलवर एका लाल, चौकोनी, बसक्या मोटारीचे चित्र दाखवले आणि म्हणाला, "भाऊ, ही लान्सिया डेल्टा. सहा वर्षं लागोपाठ जगात पहिली आली. असली गाडी बनवणाऱ्या कारखान्यातल्या माणसांची नोकरी पक्की असेल, नाही?" आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. आमचे शाळेतले शिक्षण दहावीपाशी संपले. यंत्रांची पुस्तके आम्ही पुढे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, आणि तीच सवय उपयोगी पडली. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

लान्सिया हे नाव आपल्याकडे फारसे परिचयाचे नाही. पण तिचे घराणे परके नाही. व्हिन्सेंझो लान्सिया याने १९०६ साली इटलीतील तूरिन शहरात हा कारखाना काढला. सांगाडा आणि अंग एकच असलेली 'लाम्ब्डा' ही मोटार त्याने १९२२ साली जगाला दाखवली, तेव्हा ती गोष्ट नवलाची होती. पुढे कर्ज वाढले आणि १९६९ साली तूरिनच्याच फियाट कंपनीने लान्सिया विकत घेतली. ही तीच फियाट, जिच्या नमुन्यावर कुर्ल्याच्या कारखान्यात मोटारी तयार झाल्या. मुंबईकरांनी ज्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला तिचे माहेर तेच, आणि रांजणगावला टाटांच्या भागीदारीत जो कारखाना उभा राहिला त्याचेही आजोळ तेच. म्हणजे तो तरुण फिटर आपल्याच भाऊबंदांविषयी विचारीत होता, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते इतकेच.

आता आधी यंत्राकडे वळू. कारण यंत्र समजल्याशिवाय सुधारणा समजणार नाही.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते, आणि जळायला हवा लागते. जास्त ताकद हवी तर जास्त हवा आत कोंबली पाहिजे. लोहार भात्याने विस्तव फुलवतो, तेच हे तत्त्व. टर्बोचार्जर म्हणजे असा भाता, की ज्याला ओढायला माणूस लागत नाही; विस्तवाचा धूरच तो चालवतो. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एका लहान पंख्याला फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतो. एरवी वाया जाणारी ताकद अशी पुन्हा कामाला लागते. युक्ती सुंदर आहे. पण तिच्यात दोन खोडी आहेत. हवा दाबली की तापते, हे सायकलमध्ये हवा भरताना पंपाला हात लावणाऱ्या प्रत्येक पोराला माहीत आहे. आणि तापलेली हवा पातळ होते, म्हणजे भात्याचा निम्मा फायदा गेला. त्यासाठी वाटेत ती हवा थंड करणारी जाळी बसवावी लागते, तिला इंटरकूलर म्हणतात. दुसरी खोड उशिराची. चालकाने पाय दाबला तरी धूर वाढून पंखा वेग घेईपर्यंत थोडा वेळ जातो. मग एकदम जोर येतो, आणि तो नेमका वळणाच्या मध्यावर आला तर गाडी रस्ता सोडते.

दुसरी गोष्ट चार चाकांना ओढ देण्याची. लेझमीची रांग वळताना आपण पाहिली आहे. बाहेरचा गडी धावतो आणि आतला जागच्या जागी पाय वाजवतो. मोटारीच्या चाकांचेही तसेच असते. एका आसावरच्या दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी जी दातेरी रचना असते तिला डिफरन्शियल म्हणतात. चारी चाकांना इंजिनाची ओढ द्यायची तर अशा तीन रचना लागतात. एक पुढे, एक मागे आणि एक या दोहोंच्या मध्ये. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव मात्र विचित्र आहे. जे चाक चिखलात घसरते त्यालाच ते सारी गती देऊन टाकते, आणि ज्या चाकाला जमीन धरते आहे ते उभेच राहते. (आमच्या चळवळीतही असे डिफरन्शियल आम्ही पाहिले आहेत, पण तो विषय वेगळा.) हा स्वभाव सुधारणे हेच या साऱ्या कथेतले मुख्य काम होते.

रॅली म्हणजे बंद गोल वाटेवरची शर्यत नव्हे. डोंगरातले, जंगलातले, बर्फाचे, खडीचे, साधेच रस्ते काही वेळ बंद करून त्यांवर एकामागून एक गाड्या सोडतात आणि घड्याळ लावतात. अशा रस्त्यांवर चार चाकांची ओढ किती कामाची आहे हे जर्मनीच्या ऑडी कंपनीने प्रथम सिद्ध केले. तिची क्वात्रो ही मोटार १९८० साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. पाच सिलिंडरचे इंजिन, टर्बोचार्जर, २०० अश्वशक्ती आणि चारी चाकांना ओढ. मिशेल मूतों या फ्रेंच बाईंनी १९८१ साली इटलीतच, सान रेमोला, त्या गाडीतून जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकली. तोवर कोणत्याही स्त्रीने तसे केले नव्हते. १९८३ साली लान्सियाने मागच्या दोनच चाकांच्या ओढीवर ऑडीला हरवून अजिंक्यपद मिळवले खरे. पण दोन चाकांचे दिवस भरले आहेत हे तूरिनच्या इंजिनियरांनाही दिसत होते.

मग जे झाले ते यंत्रापेक्षा नियमाच्या पोटातून झाले. त्या वेळच्या 'ब' गटाच्या नियमाप्रमाणे फक्त २०० गाड्या बांधल्या की शर्यतीला मोकळीक मिळे. दोनशे गाड्या म्हणजे हातकामच. त्यामुळे प्रत्येक कंपनीने खास शर्यतीची, हलक्या अंगाची, अफाट ताकदीची यंत्रे तयार केली. लान्सियाच्या डेल्टा एस-चार या गाडीत टर्बोचार्जरच्या जोडीला इंजिनानेच फिरवलेला दुसरा भाताही होता, तो त्या उशिराच्या खोडीवर उपाय म्हणून. तिच्यात नाव सोडले तर बाजारातल्या डेल्टाचे फारसे काही उरले नव्हते.

१९८६ सालच्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली. तीन माणसे मेली, तीसहून अधिक जखमी झाली. त्या दिवशी संध्याकाळी एक गोष्ट घडली ती आमच्या मते या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे. वेगवेगळ्या कंपन्यांचे पगारी चालक, एरवी एकमेकांचे हाडाचे प्रतिस्पर्धी, एस्तोरिलच्या एका हॉटेलात एकत्र बसले. त्यांनी एक निवेदन तयार करून सह्या केल्या आणि शर्यत पुढे चालवण्यास नकार दिला. कंपन्यांची निशाणे वेगळी, मालक वेगळे, भाषा वेगळ्या. तरी काम बंद. याला मोटारींच्या पुस्तकांत 'माघार' म्हणतात. आम्ही याला दुसरा शब्द वापरतो, आणि तो आपणांस ठाऊक आहे.

त्या निवेदनाने धोका टळला नाही. २ मे १९८६ रोजी कॉर्सिका बेटावर हेन्री तोयवोनेन हा चालक आणि सर्जियो क्रेस्तो हा त्याचा सहचालक यांची डेल्टा एस-चार रस्त्याखाली गेली, पेटली, आणि दोघेही मरण पावले. बरोबर एक वर्षापूर्वी, त्याच तारखेला, त्याच बेटावर आत्तिलियो बेत्तेगा हा लान्सियाचाच चालक गेला होता. आता मात्र जागतिक संघटनेला जाग आली. १९८७ पासून 'ब' गट बंद, आणि अजिंक्यपद 'अ' गटाच्या गाड्यांना, असे जाहीर झाले. 'अ' गटाची अट अशी होती, की त्या नमुन्याच्या ५,००० गाड्या बारा महिन्यांत बांधलेल्या असल्या पाहिजेत.

ही पाच हजारांची अट नीट समजून घेतली पाहिजे, कारण येथून पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. दोनशे गाड्या एखादी निवडक कारागिरांची यंत्रशाळा बांधू शकते. पाच हजार गाड्यांना कारखाना लागतो. पत्रा दाबणारे प्रेस, जिग आणि फिक्स्चर, पाळ्या, मुकादम, तपासनीस, आणि रोज तेच काम तितक्याच काटेकोरपणे करणारे हजारो हात लागतात. शर्यतीत एखादी उणीव दिसली, तर तिची दुरुस्ती केवळ शर्यतीच्या गाडीत करून भागत नसे. मूळ रचना बदलायची तर ती विक्रीच्या गाडीत आधी यावी लागे. म्हणजे डोंगरात चालकाने जे सांगितले ते काही महिन्यांनी तूरिनच्या ईशान्येला पो नदीकाठी किवास्सो गावी, लान्सियाच्या कारखान्यात, एखाद्या वेल्डरच्या हातून होत असे.

१९८६ साली तूरिनच्या प्रदर्शनात डेल्टा एचएफ फोर-डब्ल्यूडी ही गाडी आली. डेल्टा हे मूळचे १९७९ सालचे घरगुती वापराचे मॉडेल, पाच दारांचे. त्याच्या पुढच्या भागात आडवे बसवलेले, दोन लिटरचे, आठ व्हॉल्व्हांचे टर्बो इंजिन, १६५ अश्वशक्तीचे. मधल्या डिफरन्शियलला एक डबी जोडली होती. तिच्यात भोके पाडलेल्या पातळ चकत्या आणि दाट सिलिकोन द्रव असतो. पुढची आणि मागची चाके निरनिराळ्या गतीने फिरू लागली, की चकत्या एकमेकींवरून सरकतात, द्रव त्यांना धरू लागतो आणि घसरणाऱ्या बाजूची उधळपट्टी थांबते. मागच्या आसाला 'टॉर्सेन' जातीचे डिफरन्शियल. त्यात स्क्रूसारख्या आट्यांचे गिअर असतात, आणि चाक घसरू लागताच ते आपोआप एकमेकांत अडून ज्या चाकाची पकड आहे त्याला जास्त जोर देतात. कोणी कळ दाबायची नाही. हुकूम न सुटता यंत्रच न्याय करते. आम्ही ही रचना कागदावर तीनदा काढून पाहिली तेव्हा कुठे ती आमच्या डोक्यात शिरली.

इतर कंपन्यांपाशी त्या घडीला असे सर्व जमून आलेले यंत्र नव्हते. १९८७ च्या जानेवारीत माँते कार्लोला मिकी बियासियॉन याने पहिली रॅली या गाडीतून जिंकली आणि वर्षअखेर अजिंक्यपद लान्सियाकडे आले. पण विजयाने उणिवा झाकल्या नाहीत. अंग अरुंद होते. मडगार्डांखाली रुंद चाक मावत नव्हते. चाक लहान म्हणून त्याच्या आत बसणारा ब्रेकही लहान. बॉनेटखाली टर्बोची उष्णता कोंडत होती.

म्हणून १९८७ साली इंटिग्राले आली. तिची मडगार्डे फुगवली, चाके चौदा इंचांऐवजी पंधरा इंचांची केली, ब्रेक मोठे केले, पुढे हवेला वाटा केल्या आणि ताकद १८५ अश्वशक्तीवर नेली. ज्याला ही गाडी केवळ दिसायला आवडते त्याला ती फुगीर मडगार्डे शोभेची वाटतात. ती शोभेची नाहीत. ब्रेकला जागा हवी होती, म्हणून चाक वाढले. चाक वाढले, म्हणून पत्रा वाकला. १९८८ साली पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली, जी लान्सियाला तोवर कधीच मिळाली नव्हती, ती बियासियॉनने या गाडीतून मिळवली.

१९८९ साली सोळा व्हॉल्व्हांचे इंजिन आले. लग्नाच्या मांडवाला एका मोठ्या दाराऐवजी दोन दारे ठेवली की गर्दी लवकर आत जाते आणि लवकर बाहेर पडते. प्रत्येक सिलिंडरला दोनांऐवजी चार व्हॉल्व्ह देण्यातली खुबी तीच. इंजिनाची उंची वाढली म्हणून बॉनेटला उंचवटा आला. टर्बोचार्जर लवकर वेग घेणारा निवडला, त्यामुळे उशिराची खोड बरीच निवळली. ताकद २०० अश्वशक्ती झाली.

परंतु आमच्या मते त्या वर्षीची खरी सुधारणा दुसरीच आहे, आणि तिची जाहिरात कमी झाली. आधीच्या इंटिग्रालेत इंजिनाची ओढ शंभरातली ५६ भाग पुढच्या चाकांना आणि ४४ मागच्यांना जाई. पुढच्या चाकांनी गाडी वळवायचीही आणि ओढायचीही. एकाच कामगाराकडून दोन मशिने चालवून घेण्याचाच हा प्रकार. आणि त्याचा परिणामही तोच होतो, दोन्ही कामे अर्धवट. वळणावर गाडी नाक सरळ धरून बाहेर जाऊ पाही. सोळा व्हॉल्व्हांच्या गाडीत मधल्या डिफरन्शियलच्या दात्यांचे प्रमाण बदलून ही वाटणी पुढे ४७ आणि मागे ५३ अशी केली. पुढच्या चाकांवरचा बोजा उतरला आणि ती वळवण्याचे आपले काम करू लागली. या गाडीची पहिली रॅली १९८९ ची सान रेमो. त्या दिवशी तिला लाल रंग दिला होता आणि ती जिंकली. रांजणगावच्या मुलाच्या मोबाईलवर होते ते चित्र त्याच गाडीचे.

तोवर जपानची टोयोटा कंपनी तुल्यबळ झाली होती. १९९० सालचे चालकांचे अजिंक्यपद कार्लोस सायन्झ याने टोयोटातून नेले. त्यावर तूरिनचे उत्तर १९९१ साली आले, 'एव्होल्युझिओने', म्हणजे उत्क्रांती. इटलीतले लोक तिला लाडाने 'देल्तोना', थोरली डेल्टा, म्हणत. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर वाढवले, झोक घेणाऱ्या सस्पेन्शनला अधिक जागा दिली, पुढच्या दोन खांबांना जोडणारी आडवी पट्टी घातली, मागे छपराच्या कडेला कमी-जास्त करता येणारे पंख बसवले आणि ताकद २१० अश्वशक्ती केली. चाके चार नटांऐवजी पाच नटांवर बसवली.

या पाचव्या नटापाशी आम्ही थोडे थांबतो. पुस्तकात त्याला अर्धी ओळ मिळते. चार चाकांना मिळून गाडीमागे चार नट वाढले. पाच हजार गाड्यांना वीस हजार. कागदावर इंजिनियराने एक भोक वाढवले, पण वीस हजार नट कोणाच्या तरी हातांनी, ठरलेल्या जोराने, ठरलेल्या वेळात आवळले गेले. त्यातला एक सैल राहिला असता तर डोंगरातल्या एखाद्या वळणावर त्याची नोंद झाली असती, आणि ती अर्ध्या ओळीत भागली नसती. क्लाउदिओ लोंबार्दी, सेर्जियो लिमोने या इंजिनियरांची नावे इतिहासात आहेत आणि ती योग्यच आहेत. त्यांच्या बुद्धीला आमचा नमस्कार आहे. किवास्सोच्या नट आवळणाऱ्यांची नावे आम्हांला कोठे सापडली नाहीत.

१९८७ ते १९९२ अशी सहा वर्षे कंपन्यांचे अजिंक्यपद लान्सियाकडे राहिले. 'अ' गटातल्या डेल्टांनी जागतिक स्पर्धेच्या ४६ रॅली जिंकल्या.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. त्यासाठी थोडे मागे जावे लागते. डेल्टा बाजारात येऊन वर्षही झाले नव्हते तेव्हा, १९८० च्या सप्टेंबरात, फियाटने चौदा हजारांहून अधिक कामगारांना काढण्याचे जाहीर केले. तूरिनचे कारखाने पस्तीस दिवस बंद पडले. १४ ऑक्टोबरला मुकादम, कारकून आणि अधिकारी यांनी कामावर जाण्याच्या हक्कासाठी शहरातून मोर्चा काढला. त्याला चाळीस हजारांचा मोर्चा म्हणतात. त्यानंतर तडजोड झाली ती हरलेली तडजोड होती. तेवीस हजारांच्या आसपास माणसे सरकारी निधीतून काही पगार देऊन घरी बसवण्यात आली. आपल्याकडे ले-ऑफ म्हणतो त्यातलाच हा प्रकार, पण वर्षानुवर्षांचा. म्हणजे ज्या दशकात इंटिग्रालेचे एकेक रूप घडत होते, त्या दशकात ते घडवणाऱ्यांची संघटना कंबर मोडलेल्या स्थितीत होती.

१९९१ च्या अखेरीस लान्सियाने आपले अधिकृत पथक शर्यतीतून काढून घेतले. १९९२ साली त्याच गाड्या एका खासगी पथकाने चालवल्या आणि सहावे अजिंक्यपद मिळवले. आणि त्याच १९९२ साली किवास्सोचा कारखाना लान्सियाने बंद केला.

गाडीत दोष निघाला म्हणून तो बंद झाला नाही. ज्या वर्षी जगातल्या डोंगरांवर त्या हातांचे काम पहिले आले, त्याच वर्षी ते हात जास्तीचे ठरले. फियाटजवळ कारखाने गरजेपेक्षा अधिक झाले होते, विक्री घसरत होती, आणि हिशेब करणाऱ्या माणसाच्या वहीत ४६ विजयांना रकाना नव्हता.

त्याच १९९२ साली आम्ही चिंचवडच्या एका कारखान्यात हंगामी कामगार होतो. आमच्या शेजारच्या लेथवर एक ज्येष्ठ टर्नर होते, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. त्यांनी एका फिक्स्चरमध्ये साधा बदल सुचवला आणि एका नगामागे बराच वेळ वाचू लागला. व्यवस्थापनाने त्यांचा सत्कार करून भिंतीवरचे घड्याळ दिले. तीन वर्षांनी ते काम बाहेर एका लहान शेडमध्ये गेले. तात्यांचे फिक्स्चरही बरोबर गेले. तात्या गेले नाहीत. वाचलेला वेळ कोणाच्या खात्यावर जमा झाला हा प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात आहे, आणि त्याच प्रश्नाने आम्हांला पुढे युनियनच्या कचेरीत नेले.

त्या तरुण फिटरला पुढच्या द्वारसभेला आम्ही किवास्सोची हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण भाऊ, १९९३ ची गाडी मी पाहिली आहे. कारखाना बंद झाला तर ती बनवली कोणी?"

प्रश्न अचूक होता. १९९३ साली एव्होल्युझिओनेची दुसरी आवृत्ती निघाली. २१५ अश्वशक्तीची, धुरातले विष कमी करणारी उत्प्रेरक डबी बसवलेली, सोळा इंची चाकांची. ती किवास्सोच्याच आवारात बांधली गेली. लान्सिया गेल्यावर ती जागा मॅजोरा या तूरिनच्या गाडीबांधणी करणाऱ्या जुन्या संस्थेने चालवायला घेतली होती. गाडीवरचे नाव लान्सियाचेच राहिले. पगार देणारा मात्र बदलला. डेल्टा संपल्यावर त्याच छपराखाली मॅजोराने फियाटसाठी बार्केता ही दोन माणसांची उघडी मोटार बांधली. २००२ साली मॅजोराचे दिवाळे निघाले, आणि बार्केताचे काम तूरिनला, फियाटच्या मिराफियोरी कारखान्यात नेण्यात आले.